पाचवं चाक

जेल रोडला पहाटे सहा अंश.
किल्ली फिरवली आणि दोन काट्यांच्या मधे
तो पिवळा दिवा पुन्हा लागला,
घोड्याच्या नालासारखा, पोटात उद्गारचिन्ह.
कुमुदिनी म्हणाली, "कुणावर ओरडतोय हा?"

बत्तीस वर्षं मी छापखान्यात नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, तार सरकलेली, आकडा तिरका,
बोटाखाली आलं की कळायचं.
आता ही गाडी घेतली, तिसरा मालक मी,
आणि तीच मला तपासते रोज सकाळी.

शेजारच्या ताजनपुऱ्यांचा ओजस म्हणाला,
"काका, रिसेट मारा."
डाव्या गुडघ्याजवळ नखाएवढं बटण.
दाबून धरायचं, दिवा तीनदा मिचकेपर्यंत.
धरलं. मिचकला. विझला.
बिटको चौकापर्यंत मी राजासारखा गेलो.
सिग्नलला पुन्हा लागला.

मग चष्मा बदलून पुस्तिका वाचली.
हवा गार टायरमध्ये मोजावी,
ऊन पडायच्या आत, गाडी हलवायच्या आत,
कारण थंडीत हवा आकसते.
("माणसंसुद्धा," हे शालीतून कुमुदिनी.)

गोणपाट अंथरलं, व्हॉल्व्हची टोपी दातांत धरली.
पुढचं डावं एकोणतीस,
पुढचं उजवं अठ्ठावीस,
मागची दोन्ही तीस. हवी तेहतीस.
पायपंप मारला. व्हॉल्व्हला थुंकी लावून
फुगा येतो का पाहिलं.
हे पुस्तिकेत नाही, हे इलियासचं शिक्षण,
पंचकच्या वळणावर ज्याची टपरी होती.

पुन्हा बटण, पुन्हा तीनदा मिचकणं,
मग नियमाप्रमाणे वीस मिनिटं, चाळीसच्या वर:
सिन्नर फाटा, पळसे, थेट शिंद्याच्या टोल नाक्यापर्यंत.
नाल पिवळीच.

ओजस म्हणाला, "सेन्सरची बॅटरी गेली असणार,
ती बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच टाकावा लागतो."
पण तसं असतं तर दिवा आधी
मिनिटभर फडफडतो, मग स्थिर होतो.
हा फडफडत नाही. हा सरळ बघतो.
म्हणजे कुणी मेलेलं नाही,
कुणीतरी खरं सांगतंय
आणि मला ऐकू येत नाहीये.

रात्री अंथरुणात दातारबाई आठवल्या.
एकदा एका गड्डीचा हिशोब लागेना.
शंभरच्या शंभर नोटा मी तीनदा पाहिल्या, निर्दोष.
बाई जेवणाचा डबा धुवून आल्या,
ओल्या हातांनीच लांबून म्हणाल्या,
"पट्टी बघितलीत का, वरची?"
चूक पट्टीवरच्या आकड्यात होती.

उठलो. स्वेटरवर स्वेटर घालून
डिकी उघडली.
आधीच्या मालकाची मोडकी छत्री,
न वाटलेल्या पत्रिकांचा गठ्ठा,
लहान मुलाचा एकच मोजा.
त्याखाली गालिचा, गालिच्याखाली पुठ्ठा,
पुठ्ठ्याखाली ते.
रस्ता न पाहिलेलं,
रबराचे केससुद्धा न झिजलेलं पाचवं चाक.
काटा लावला.
अकरा.

इतके दिवस अंधारात पडल्या पडल्या
ते एकटंच सांगत होतं, अकरा, अकरा,
आणि मी पुढच्या उजव्याला दोष देत होतो.

सकाळी पंप मारला. एकशे साठपर्यंत मोजलं,
पुढे पिंढऱ्यांनी मोजणं बंद केलं.
कुमुदिनी थर्मास घेऊन शेजारी बसली.
पळश्याजवळ पुढे उसाची ट्रॉली,
मी ओव्हरटेकच्या नादात,
तेवढ्यात ती म्हणाली, "गेला."
"कोण गेलं?"
तिने काचेवर बोट टेकवलं.
चहा स्टीअरिंगवर सांडला.

आता रोज किल्ली फिरवली की
सगळे दिवे एकदम लागतात,
स्वतःला तपासून एकेक विझतात.
त्यांच्यात तोही असतो.
मी गियर टाकत नाही.
ताव हातात धरून उभं राहावं तसा
थांबतो, पास म्हणेपर्यंत.
ओजस मागून हॉर्न वाजवतो.